माशांच्या पंपाला गाडीची बॅटरी कशाला?

वीज गेली तर टाकीतल्या एअर पंपासाठी गाडीची बॅटरी आणि इन्व्हर्टर हवाच, हा समज फार जुना आहे. तो चुकीचा आहे. घरगुती पंप जेमतेम ३-४ वॅट खातो. छोटा इन्व्हर्टर काही न चालवताही अनेकदा त्याहून जास्त खातो. म्हणजे बॅटरी माशांसाठी कमी आणि इन्व्हर्टरसाठीच जास्त संपते! शिवाय गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते. वारंवार खोलवर उतरवली की ती लवकर खराब होते.

त्यापेक्षा १२ व्होल्टचा डीसी पंप (इन्व्हर्टरशिवाय थेट बॅटरीवर चालणारा) घ्या आणि ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी. तिच्यात ८४ वॅट-तास असतात. निम्मेच वापरले तरी ३ वॅटचा पंप १४ तास चालतो. २३० व्होल्ट कॉइलचा रिले, म्हणजे घरातली वीज असेपर्यंत बॅटरीची जोडणी तोडून ठेवणारा स्विच लावला, तर वीज जाताच पंप आपोआप सुरू होतो. बॅटरीच्या तारेत फ्यूज मात्र हवाच.

पॉवर बँक आणि यूएसबी पंपही चालतो, पण करंट फार कमी असला की काही पॉवर बँका स्वतःहून बंद पडतात. आधी तासभर चालवून पाहा. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) बसवा, नाहीतर पंप थांबल्यावर टाकीतलं पाणी उलटं पंपात उतरू शकतं.