अँटईटर आणि खवल्या मांजर: खाणं एकसारखं, नातं काहीच नाही

काल जेवताना भाच्याने मोबाईल समोर धरला, म्हणे "मामा, हे पाय, खवल्या मांजर कसं मुंग्या खाऊन राहिलं!" पाहतो तर जायंट अँटईटर, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं जनावर, ते आपल्या विदर्भाच्या जंगलात कुठून येणार. पण पोराचं काही चुकलं नाही. दोघांनाही दात नाही, तोंड निमुळतं, दोघंही वारूळ फोडून लांब चिकट जिभेने मुंग्या-उधई ओढतात, म्हणून घोळ होतो.

अंगाकडे पाहिलं की फरक लगेच कळतो. अँटईटरच्या अंगावर राठ केस, आणि शेपटी इतकी झुपकेदार की झोपताना तीच पांघरून घेतो, नाकापासून शेपटीपर्यंत जवळपास २ मीटर लांब. आपलं खवल्या मांजर त्यापेक्षा बरंच लहान आणि अंगभर खवले, ते केराटिनचे, म्हणजे ज्याची आपली नखं बनतात तेच. अँटईटर स्लॉथच्या, म्हणजे झाडाला उलटं लटकणाऱ्या त्या संथ प्राण्याच्या नात्यातला. खवल्या मांजर मांजर नाही, पण आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कुत्रा-मांजर-अस्वल यांचाच गट आहे, हे मला फार भारी वाटतं.

आता खाणं. अँटईटरची जीभ साधारण ६० सेंटिमीटर, तिचं मूळ गळ्यात नाही तर पार छातीच्या हाडाशी, आणि मिनिटाला १५० वेळापर्यंत आतबाहेर होते. पुढच्या पंजाने वारुळाला भोक पाडायचं, जीभ घालायची, आणि एखाद्या मिनिटात निघायचं, कारण तोवर शिपाई मुंग्या चावायला धावून येतात. असं वारुळा-वारुळाने फिरत दिवसाला ३०,००० पर्यंत मुंग्या-उधई पोटात जातात. वारूळ पूर्ण उद्ध्वस्त करत नाही, त्यामुळे पुन्हा तिथेच जेवण मिळतं, किती हिशोबी जनावर आहे बघा. अन्नातून ताकद कमी मिळते म्हणून शरीरही थंडच ठेवतो, ३३ डिग्रीच्या आसपास.

खवल्या मांजराची जीभही छातीच्या आत खोल रुजलेली, पण हे रात्री निघणार, आणि खाताना नाक-कान बंद करून घेणार म्हणजे मुंग्या आत शिरत नाहीत. दात नाही तर दळायचं काम पोटात, गिळलेली बारीक खडी तिथे जात्यासारखी चालते.

संकट आलं की मात्र दोघांचा मार्ग एकदम वेगळा. अँटईटर मागच्या पायावर उभा राहून १० सेंटिमीटरपर्यंतच्या नखांनी फाडतो, तिकडचा बिबट्यासारखा जॅग्वारही जपून असतो. खवल्या मांजर फक्त गोळा होतं. त्या गोळ्यापुढे बिबट्याचेही दात चालत नाहीत, पण माणूस तोच गोळा सरळ पोत्यात टाकतो, नखाच्याच मटेरियलच्या खवल्यांसाठी, आणि तेही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत असताना. भाच्याला हेच सांगितलं, कुठे जखमी दिसलं तर हात लावू नको, वनखात्याला १९२६ वर फोन कर, नागपुरात सेमिनरी हिल्सला जंगली प्राण्यांचं उपचार केंद्र आहे.