पार्श्वभूमी : ओझे खांद्यावरून कमरेवर कसे उतरले

पावसाळा ओसरला की छत्रपती संभाजीनगरहून रविवारी पहाटे निघणाऱ्या दुचाक्यांची तोंडे कन्नड आणि सोयगावकडे वळतात. कुणी अंतूर गाठतो, कुणी हळदा घाटातून वेताळवाडीचा किल्ला चढतो, कुणी गौताळ्याच्या जंगलाकडे वळतो, आणि बहुतेकांच्या पाठीवर तीस ते पन्नास लिटरची एक सॅक असते. पायथ्याशी घटकाभर उभे राहून पाहिले तर एक गोष्ट हमखास दिसते. सॅकचे दोन्ही पट्टे खांद्यांवर घट्ट ओढलेले असतात, पण कमरेचा जाड, गादी लावलेला पट्टा दोन्ही बाजूंना सुटाच लोंबत असतो आणि चढताना त्याचे बक्कल मांडीवर आपटत राहते. पुष्कळांना तो शोभेचा वाटतो, आणि अडचण नको म्हणून एकाने तो कात्रीने कापून टाकलेलाही मी पाहिला आहे. वस्तुतः सॅकच्या सगळ्या भागांत उशिरा रुळलेला, पण सर्वांत उपयोगाचा भाग तोच आहे.

ओझे वाहण्याच्या मराठवाड्यातल्या जुन्या रीती पाहिल्या तर पाठीला सामान बांधून चालणारा माणूस त्यांत क्वचितच सापडतो. पाठीवर झोळीत मूल बांधून शेताकडे निघालेली बाई सोडली, तर आपल्याकडचे ओझे बहुधा डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर किंवा जनावराच्या पाठीवर असे. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांवर लादून दख्खनभर नेत, आणि त्यांची गोणी बैलाच्या पाठीवरून दोन्ही अंगांना सारखी लोंबे, म्हणजे मणक्यावर ढीग न होता वजन दोन बरगड्यांवर वाटले जाई. पाणक्याची पखाल रेड्याच्या पाठीवर तशीच दोन्हीकडे उतरलेली असे. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देवाने पाणी भरले अशी कथा आहे, आणि नाथषष्ठीला तिथला रांजण आजही भाविक भरतात. त्या श्रीखंड्याच्या खांद्यावरची कावड म्हणजे पुन्हा तोच विचार : पुढे एक घडा, मागे एक घडा, मध्ये खांदा. वारकऱ्याची पडशीही पुढे एक आणि मागे एक अशा दोन कप्प्यांची. या साधनांत बैलाची गोणी ते माणसाची पडशी असा मोठा फरक असला, तरी ओझे शरीराच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तोलून धरायचे, हे तत्त्व सगळ्यांत एकच आहे.

डोक्यावरचे ओझे तर त्या मध्यरेषेवरच उभे असते. चुंबळ ठेवून त्यावर हंडा चढवला की वजन सरळ मणक्यावरून खाली उतरते आणि चालणाऱ्या बाईला पुढे किंवा मागे वाकावे लागत नाही. दुसरी घागर ती कमरेवर घेते, ती मात्र अधांतरी धरलेली नसते, तर कमरेच्या उंचवट्यावर, म्हणजे कटीच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकवलेली असते, आणि हाताचे काम तिला आवळून धरण्यापुरतेच उरते. ज्या हाडाचा हा उपयोग डोंगरात जाणाऱ्या जगाने विसाव्या शतकाच्या मध्यावर गांभीर्याने घेतला, त्याच हाडावर आमच्या आज्या रोज सकाळी बारा-पंधरा किलो पाणी टेकवून आणत होत्या. तुलना फार ताणू नये, कारण घागरीचे वजन एकाच अंगावर येते आणि वर्षानुवर्षे ते वाहिलेल्या बाईची कंबर पुढे काय सांगते, ते घरोघरी ठाऊक आहे.

मोंढ्यातला हमाल याच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. तो पोते मानेच्या मागे, खांद्याच्या फऱ्यांवर घेतो आणि कमरेतून इतका वाकतो की पोते त्याच्या पावलांच्या बरोबर वर येते, कारण तो ताठ उभा राहिला तर पोते त्याला मागे ओढून पाडेल. पाठीवर ओझे घेण्यातली मूळ अडचण इथे उघडी दिसते : सगळे वजन शरीराच्या मागे जाते आणि ते तोलण्यासाठी माणसाला स्वतःच पुढे झुकावे लागते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा केला, त्यातला ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावरून आलेला आहे. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. ज्यांनी मोंढ्यात क्विंटलची पोती उतरताना पाहिली आहेत, त्यांना या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

डोंगराळ आणि थंड मुलखात गोष्ट वेगळी घडली. अरुंद, चढउताराच्या वाटेवर कावडीचा दांडा दोन्हीकडच्या झाडाझुडपांत अडकतो, डोक्यावरचे ओझे पाय घसरला की खाली जाते, आणि वर चढताना हात मोकळे लागतात, म्हणून तिथल्या माणसाने ओझे पाठीवर घेतले. आल्प्समध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाजवळ वाकवलेली लाकडी काठी आणि फळ्या मिळाल्या. ती पाठीवर ओझे बांधायची चौकट असावी असे बहुतेक अभ्यासकांनी मानले, काहींनी मात्र त्याबाबत वेगळे मत मांडले आहे. नेपाळात डोको ही निमुळती टोपली पाठीवर असते, पण तिचे वजन नाम्लो नावाचा पट्टा कपाळावर पेलतो, त्यामुळे ते खांद्यांना न लागता मान आणि मणक्यावरून उतरते. नेपाळी हमाल स्वतःच्या वजनाच्या जवळपास इतके ओझे घेऊन दिवसच्या दिवस चढतात, हे मोजून सिद्ध झालेले आहे.

‘रकसॅक’ हा शब्द जर्मन भाषेतला, पाठ आणि पोते या दोन शब्दांचा जोड. म्हणजे आपण जिला नुसते ‘सॅक’ म्हणतो, तिचा अर्थ शब्दशः ‘पोते’ एवढाच होतो, आणि दीर्घकाळ ती खरोखर तेवढीच होती : दोन पट्टे लावलेले पोते. अमेरिकी सैन्यातले हेन्री मेरियम यांनी १८७८ मध्ये सैनिकाच्या पाठपिशवीचे पेटंट घेतले. तिच्यात दोन लाकडी दांड्यांनी वजन कमरेकडे नेण्याची युक्ती होती, पण तिचा प्रसार मर्यादितच राहिला. १८८२ मध्ये अमेरिकेतल्याच डुलुथ गावच्या कॅमिल पॉइरिए यांनी जाड कॅनव्हासच्या पिशवीचे पेटंट घेतले, तिला खांद्याच्या पट्ट्यांबरोबर नाम्लोसारखा कपाळपट्टाही होता. मेरियम यांची कल्पना काळाच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षे पुढे होती, आणि तिला लागणारे हलके साहित्य तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

१९०८ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. नॉर्वेच्या ओले बर्गन यांनी त्या सुमारास पाठीच्या आकाराला जुळेल अशी वाकवलेली चौकट पिशवीला जोडली. पहिली चौकट त्यांनी झाडाची फांदी वाकवून केली असे सांगतात, पुढे ती धातूच्या नळीची झाली. चौकटीमुळे पिशवीतल्या भांड्याचा काठ पाठीत रुतेनासा झाला आणि पाठ व पिशवी यांच्यामध्ये हवा खेळू लागली. ब्रिटिश सैनिक आजही मोठ्या सॅकला ‘बर्गन’ म्हणतात. त्याच १९०८ मध्ये ब्रिटिश सैन्याने चामड्याऐवजी सुती विणलेल्या पट्ट्यांचा साज स्वीकारला. त्यातल्या पाठपिशवीचे नाव भारतीय लष्करात इतके मुरले की प्रशिक्षण घेणारे कॅडेट अजूनही ‘पॅक झिरो एट’ म्हणतात आणि पाठीवरच्या लष्करी पिशवीला ‘पिठ्ठू’ हा शब्द एनसीसीच्या शिबिरांतून गावोगावच्या महाविद्यालयांत पोचला. माझ्या पिढीतल्या कित्येकांची देवगिरीवर किंवा वेरूळच्या डोंगरात नेलेली पहिली सॅक म्हणजे असा एखादा मागून आणलेला किंवा जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलेला पिठ्ठूच होता. तो कोरडा असतानाच जड असे, आणि भिजला की दुप्पट जड वाटे.

बदल घडवला तो नायलॉन आणि ॲल्युमिनियम या दोन पदार्थांनी. ड्यू पाँट कंपनीने १९३८ मध्ये जाहीर केलेले नायलॉन महायुद्धात पॅराशूटसाठी वापरले गेले, आणि युद्धानंतर उरलेले पॅराशूटचे कापड बाजारात आले. कॅलिफोर्नियातले डिक केल्टी डोंगरात हिंडताना खांदे भरून आल्यावर आपल्या चौकटीची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोचून पाहू लागले, आणि खांद्यांवरचा भार एकदम हलका झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. खिशांच्या जागी पट्टा लावला की तेच काम कायमचे होईल, हा तर्क त्यापुढे अवघड नव्हता. १९५२ मध्ये डिक आणि त्यांच्या पत्नी नीना यांनी राहत्या घरीच सॅक बनवायला सुरुवात केली. डिक ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडत, नीना कापड शिवत, आणि पहिल्या वर्षी अवघ्या २९ सॅक विकल्या गेल्या. १९६३ च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेत याच बनावटीच्या सॅक होत्या. कमरपट्टा रूढ झाला तो या काळात.

त्यानंतरची मोठी सुधारणा एकच. बाहेरची चौकट सपाट वाटेवर उत्तम, पण कड्यावर चढताना ती दगडाला अडते आणि शरीर एका बाजूला वळले की सॅक दुसऱ्या बाजूला हेलकावते. अमेरिकी गिर्यारोहक ग्रेग लोव यांनी १९६७ च्या सुमारास चौकट पिशवीच्या आत नेली, छातीवरचा आडवा पट्टा जोडला आणि खांद्यापासून सॅकच्या माथ्याकडे जाणारे ते छोटे पट्टे लावले, जे ओढले की सॅक पाठीला चिकटते. आज आपण विकत घेतो ती सॅक रंग आणि खिसे सोडले तर मूलतः हीच.

भारतात हे साहित्य यायला वेळ लागला. तेनसिंग आणि हिलरी १९५३ मध्ये एव्हरेस्टवर पोचले, १९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था उभी राहिली, १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू संस्था निघाली आणि त्याच वर्षी कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्या मोहिमेतले नऊ जण एव्हरेस्टवर चढले. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी सह्याद्रीत जी परंपरा रुजवली ती मराठवाड्यात उशिरा आली, कारण इथले किल्ले विखुरलेले, डोंगर ठेंगणे आणि वाहने कमी. आयात खुली होईपर्यंत सॅक म्हणजे ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतलेली कॅनव्हासची पिशवी. पण २०१६ मध्ये छत्रपती संभाजीनगरचे पोलीस कर्मचारी शेख रफीक एव्हरेस्टवर पोचले. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न २०१४ चा हिमप्रपात आणि २०१५ चा भूकंप यांनी थांबवले होते. त्याच शहराच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखराच्या अगदी जवळून परत फिरल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन चढून आल्या. त्यांच्यानंतर इथे चांगली सॅक ही चैन मानली जाणे थांबले, असे माझे निरीक्षण आहे.

मराठवाड्यातल्या सॅकमधले खरे वजन मात्र तंबूचे किंवा कपड्यांचे नसते, पाण्याचे असते. सह्याद्रीत टाक्यावर बाटली भरून घेण्याची सवय असलेला माणूस मार्चमध्ये अंतूरला आला की फसतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या मुलखातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे उन्हाळ्यात किल्ल्यावर पाणी मिळेल हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि फेब्रुवारीनंतर चार लिटरपेक्षा कमी घेऊन निघू नये. हे चार किलो बाजूच्या खिशांत ठेवले तर प्रत्येक पावलाला हेलकावतात. ते आत, पाठीला चिकटून, फऱ्यांच्या मध्यावर ठेवावे लागतात. त्यासाठी सॅकच्या आत बसणारी नळीची पाणपिशवी आता सर्रास मिळते. तिची सुरुवात १९८०च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासच्या मायकेल आइडसन यांनी भर उन्हातल्या सायकल शर्यतीत केली. त्यांनी सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीवर बांधली होती. पखाल पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये.

कमरपट्ट्याचे काम हे सगळे वजन कटीच्या हाडावर उतरवण्याचे आहे, आणि त्यासाठी तो पोटावर नव्हे, त्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे. आधी खांद्याचे पट्टे सैल ठेवून कमरेचे बक्कल लावायचे, ते घट्ट करायचे, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. हा क्रम उलटा केला की पट्टा बांधूनही भार खांद्यांवरच राहतो. हा पट्टा टिकण्याची गोष्ट शिवणीत असते. माझ्या एका सॅकचा कमरपट्टा दुसऱ्याच फेरीत, वेताळवाडीच्या उतारावर, मुळापासून उसवला. पाहिले तर तिथे एकेरी सरळ टीप होती, जिथे चौकोनात फुली मारून पुन्हा पुन्हा शिवायला हवे होते. दुकानदाराने हात वर केले. अखेर मोंढ्याच्या रस्त्यावर चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे ती नेली. त्याने पट्टा ओढून पाहिला, पोती शिवायचे दाभण काढले, मेण लावलेला दोरा ओवला आणि चौकोन, मग फुली, मग पुन्हा चौकोन असा टाका घातला. सॅकचे कापड आता विटून गेले आहे, चेन दोनदा बदलून झाली आहे, पण पट्टा त्याच टाक्यावर आहे.