हिरवळीवरील पाचोळा आणि कापलेले गवत

मोठ्या हिरवळीवर (लॉनवर) पडलेली सुकी पाने व यंत्राने कापलेले गवत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याचे बागकाम. दोन्ही एकाच जागेवरून उचलली जात असली, तरी त्यांचे गुणधर्म आणि हंगाम वेगवेगळे आहेत. महाराष्ट्रात पानगळीचा जोर माघ-फाल्गुनात असतो, तर गवत आषाढ-श्रावणात फोफावते. या कामाचे खरे नियोजन या चार-पाच महिन्यांच्या अंतराचेच असते.

पानांचा जाड थर आठवडा-दोन आठवडे तसाच राहिला की खालच्या गवताला ऊन मिळत नाही. ते पिवळे पडते, मग विरळ होते. ओल असली तर बुरशीही धरते. कापलेले गवत मात्र दर वेळी उचलावे लागत नाही. गवताच्या पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापले नाही, तर बारीक तुकडे खाली उतरून कुजतात आणि नत्र (नायट्रोजन) मातीला परत मिळते. पावसात कापणी लांबली की ओल्या गवताचे गठ्ठे पडतात. ते उचललेच पाहिजेत. इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या पहिल्या गवतकापणी यंत्रालाही कापलेले गवत झेलण्यासाठी पुढे तबक होते.

देशी बदामाची वीतभर, तांबूस पाने पंजाच्या (पाचोळा ओढण्याच्या दातेरी अवजाराच्या) एका ओढीत निघतात. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाच्या बारीक पर्णिका मात्र दातांतून निसटून गवताच्या बुडाशी बसतात. तिथे हलक्या हाताने खराटा मारावा. दाबून मारला तर हरळीचे धावते (जमिनीलगत पसरणारे कोंब) उपटून येतात. सगळा पाचोळा एका कोपऱ्यापर्यंत ओढत नेऊ नये, त्यात माणूस उगाच दमतो. वाऱ्याच्या दिशेने पट्टे ओढावेत, पट्ट्याच्या टोकाशी ताडपत्री अंथरून पाचोळा तिच्यावर लोटावा आणि चारही कोपरे एका मुठीत धरून ती ओढत न्यावी. सकाळच्या दवात पाने उडत नाहीत आणि चुराही कमी होतो.

सुक्या पानांत कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ४० ते ८० : १ असते, ताज्या गवतात १५ ते २५ : १. चांगल्या कंपोस्टला ३० : १ च्या आसपास लागते, म्हणजे एकात जे कमी ते दुसऱ्यात आहे. नुसत्या गवताच्या ढिगात दुसऱ्या दिवशी हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब लागते, अमोनियाचा उग्र वास नाकात जातो आणि आतले गवत चिकट झालेले असते. नुसती पाने कुजायला वर्षही लागते.

म्हणून फाल्गुनातली पाने जाळणे हे मोठे नुकसान आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा जाळण्यास मनाई केली, पण नियम नसता तरी पाने राखूनच ठेवायला हवीत. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ ही चळवळ पानांची पोती देणाऱ्यांची आणि ती हवी असणाऱ्यांची गाठ घालून देते. जागा असेल तर पाने गवतकापणी यंत्राखालून काढून चुरावीत, म्हणजे कमी जागेत मावतात. मग जाळीच्या पिंजऱ्यात किंवा पोत्यांत भरून छपराखाली ठेवावीत. पावसाळ्यात गवताची पहिली मोठी कापणी झाली की तीन घमेली पानांना एक घमेले गवत असे थर द्यावेत.