कल्पित प्रेमपूर्वकथा

एखाद्या आवडत्या काल्पनिक पात्राच्या आयुष्यात मूळ कथेने न सांगितलेले, परंतु कथा सुरू होण्यापूर्वी घडून गेलेले असे प्रेमप्रकरण वाचकाने किंवा श्रोत्याने स्वतःच्या कल्पनेने रचणे, या प्रथेस कल्पित प्रेमपूर्वकथा असे म्हणता येईल. अलीकडच्या फॅन फिक्शनमुळे, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांमुळे, ही प्रथा नवी वाटते. मात्र मराठवाड्यातील वाङ्मयीन व मौखिक परंपरा पाहता, कथेतील मोकळी जागा प्रेमाने भरण्याचे काम येथे गोदाकाठी फार पूर्वीपासून चालत आले आहे.

अशा पूर्वकथेचा मान सहसा नायक-नायिकेला मिळत नाही, कारण त्यांचे प्रेम लेखकाने आधीच सांगून टाकलेले असते. अविवाहित राहिलेला शिक्षक, माहेरी परतलेली आणि कोणाशी फारसे न बोलणारी आत्या, विनाकारण कठोर वागणारा जमीनदार, खलनायकाचा अबोल चाकर अशी कडेची पात्रे वाचकाला अधिक खुणावतात. एखादे न उघडलेले पत्र, एकदाच उच्चारलेले गावाचे नाव, लग्नाचा विषय निघताच उठून जाणे एवढ्या आधारावर सगळी कथा उभी राहते. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांनी १९७०च्या दशकात संहितेतील रिक्त जागा वाचक भरून काढतो, असे प्रतिपादन केले. या प्रथेचे ते सर्वांत सोपे स्पष्टीकरण होय.

भारतीय काव्यशास्त्रात या प्रकाराला जवळची संकल्पना पूर्वरागाची आहे. विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहातील शृंगाराचे, पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार विश्वनाथाने साहित्यदर्पणात (चौदावे शतक) सांगितले असून, प्रत्यक्ष मीलनापूर्वी श्रवणाने किंवा दर्शनाने उत्पन्न होणारी ओढ म्हणजे पूर्वराग होय. मात्र पूर्वराग कवीने वर्णिलेला असतो, तर येथे विचार आहे तो वाचकाने पदरचा घातलेल्या अनुरागाचा.

या प्रथेचा सर्वांत जुना आणि सर्वांत रंजक पुरावा प्रतिष्ठान म्हणजे आजच्या पैठणशी निगडित आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे ७०० सुट्या गाथा आहेत. त्यांतील बोलणारी व्यक्ती बहुधा निनावी असते आणि ती कोणाला उद्देशून बोलते, हेही पुष्कळदा कळत नाही. एका प्रसिद्ध गाथेत कोणी स्त्री एका धर्मशील माणसाला सांगते की, त्याने आता निर्धास्त हिंडावे, कारण तो कुत्रा गोदावरीच्या काठच्या कुंजात राहणाऱ्या उन्मत्त सिंहाने आज मारला आहे. गाथा एवढीच. तिच्यात प्रियकर नाही, संकेत नाही, प्रेमाचा शब्दही नाही. असे असूनही टीकाकारांनी हे बोल अशा स्त्रीचे मानले की, जिची आपल्या प्रियकराशी त्याच कुंजात भेट ठरलेली असते आणि फुले तोडायला येणाऱ्या त्या सत्पुरुषामुळे जिची अडचण होते. कुत्र्याला भिणाऱ्याला सिंहाची बातमी सांगून ती त्याला तिकडे फिरकूच देत नाही.

नवव्या शतकात काव्यमीमांसक आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात हीच गाथा ध्वनीचे, म्हणजे सूचित अर्थाचे, उदाहरण म्हणून घेतली : वाच्यार्थ ‘हिंड’ असा, तर व्यंग्यार्थ ‘हिंडू नकोस’ असा. अकराव्या शतकात महिमभट्टाने व्यक्तिविवेकात त्यावर आक्षेप घेतला आणि हा अर्थ व्यंजनेने, म्हणजे शब्दाच्या सूचक शक्तीने नव्हे, तर अनुमानाने हाती येतो असे म्हटले. मम्मटाने काव्यप्रकाशात या मताचे खंडन केले. वाद शब्दशक्तीचा असला, तरी गोदाकाठची ती चोरटी भेट गाथेत सांगितलेली नसताना वाचकाला कळते कशी, हाच त्याचा गाभा आहे. आवडत्या पात्राचे जुने प्रेम ‘ओळखणारा’ आजचा वाचकही नकळत याच पेचात असतो. आपण ते संहितेतून ऐकले की तिच्यावर लादले, हे त्याला ठामपणे सांगता येत नाही. गंगाधर, पीतांबर, भुवनपाल इत्यादी टीकाकारांनी गाथांना प्रसंग जोडून दिले आहेत आणि एकाच गाथेचा वक्ता एका टीकेत एक, तर दुसरीत निराळा असल्याचेही आढळते. त्या अर्थी हे टीकाकार अशा पूर्वकथांचे पहिले ज्ञात रचनाकार ठरतात.

मध्ययुगीन मराठी काव्यात हे काम कवींनी स्वतःकडे घेतले. भागवतातील रुक्मिणी घरी येणाऱ्यांच्या तोंडून कृष्णाचे गुण ऐकते, त्याला मनाने वरते आणि सात श्लोकांचा निरोप ब्राह्मणाबरोबर धाडते. ऐकणे आणि निरोप धाडणे यांच्यामधल्या काळाबद्दल मूळ ग्रंथ मितभाषी आहे. देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळातील महानुभाव कवी नरेंद्र याने सुमारे १२९२ मध्ये रचलेल्या रुक्मिणीस्वयंवरात नेमका हाच काळ विरहवर्णनाने भरून काढला. पैठणच्या एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या रुक्मिणीस्वयंवरात त्याच ओढीला जीव-शिवाच्या ऐक्याचा अर्थ दिला. आजही गावोगावच्या भागवत सप्ताहात रुक्मिणीस्वयंवराचा दिवस घरच्या लग्नासारखा साजरा होतो. अशा विस्ताराला विरोधही लवकरच झाला. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर यांचे शिशुपाळवध हे काव्य शृंगारामुळे निवृत्तिमार्गी माणसाला योग्य नाही, असा अभिप्राय पंथातूनच आला आणि त्यानंतर त्यांनी उद्धवगीता रचली, असे महानुभाव परंपरा सांगते.

मौखिक परंपरेतील ठळक उदाहरण म्हणजे जांभूळ आख्यान. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका यांचे उपासक असलेले गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीवर रात्रभर गोंधळ घालतात. त्याच्या उत्तररंगात आख्यान लावले जाते. परभणीचे राजारामभाऊ कदम हे या परंपरेतील नामवंत गोंधळी होते. या आख्यानात कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात अभिलाषा जागी होते. कृष्ण ती ओळखतो. वनात तोडलेले जांभूळ पुन्हा झाडाला लागावे म्हणून प्रत्येकाने मनातले खरे बोलावे, असे ठरते आणि द्रौपदीने कर्णाबद्दलची ओढ कबूल केल्यावरच ते फळ देठाला जाऊन चिकटते. व्यासांच्या महाभारतात हा प्रसंग नाही. उलट, स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ असे म्हणून द्रौपदी कर्णाला नाकारते, असाच सर्वसाधारण समज आहे. परंतु पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य मूळ संहितेत घेतलेले नाही, कारण त्याला जुन्या हस्तलिखितांचा पुरेसा आधार मिळत नाही. म्हणजे नकारही मागाहूनचा आणि ओढही मागाहूनची. मोठ्या पात्रांमध्ये काहीच घडले नसेल, हे लोकमनाला पटत नाही. गोंधळात मुख्य कथेकऱ्याला, म्हणजे नाईकाला, साथीदार मध्येच प्रश्न विचारतो व नाईक उत्तरादाखल कथा वाढवतो. अशा पूर्वकथांना ही प्रश्नोत्तरांची रीत विशेष पोषक ठरली असावी.

मूळ लेखकाने दार बंद केले, तरी वाचक थांबत नाही, हे पाश्चात्त्य साहित्यातही दिसते. १८९१ च्या एका कथेत शेरलॉक होम्सला आयरीन अ‍ॅडलरविषयी प्रेमासारखी भावना नव्हती, असे वॉटसन स्पष्टपणे सांगतो. तरीही १९६२ मध्ये विल्यम बेअरिंग-गूल्ड यांनी होम्सचे जे कल्पित चरित्र लिहिले, त्यात त्या दोघांना मूल झाल्याचे दाखवले.

चांगल्या पूर्वकथेची कसोटी आनंदवर्धनाने सांगितलेल्या औचित्यातच सापडते : अनौचित्यावाचून रसभंगाचे दुसरे कारण नाही, असे तो म्हणतो, आणि रसाला प्रतिकूल ठरणारा परंपरागत कथाभाग बदलण्याची मुभाही कवीला देतो. पात्राच्या ज्ञात वागण्याचा उलगडा करणारी कल्पना टिकते. प्रत्येक कठोर माणसाच्या भूतकाळात फसलेले प्रेम असलेच पाहिजे, ही आजची सवय मात्र आळशी आहे. तिच्यामुळे दारिद्र्य, जात, दुष्काळ, कर्ज ही कठोरपणाची खरीखुरी कारणे पुसली जातात, आणि मराठवाड्यातील कथांच्या बाबतीत ही हानी लहान नव्हे.

पात्र काल्पनिक नसून ऐतिहासिक असेल, तर प्रश्न आणखी बिकट होतो. गुजरातचा राजा कर्ण वाघेला याची कन्या देवलदेवी देवगिरीकडे जात असताना वेरूळजवळ अलाउद्दीन खलजीच्या सैन्याच्या हाती सापडली, असे फारसी बखरकार सांगतात. कवी अमीर खुसरौने १३१६ मध्ये तिची आणि अलाउद्दीनचा मुलगा खिज्रखान याची प्रेमकथा रचली व पुढे तिला खिज्रखानाच्या अंताचा भाग जोडला. तिचे मन मात्र कोणत्याही समकालीन साधनात नोंदलेले नाही, आणि काही इतिहासकार तर ही संपूर्ण हकिकतच कविकल्पना मानतात.