गंधकाचा रिकामा हात

परवा आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या काकूंकडे पाण्याचा 'डेमो' झाला. ओट्यावर दोन ग्लास. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओ मशीनचं. टाय लावलेल्या पोराने दोन्ही ग्लासांवर चार सळ्यांचं एक यंत्र आडवं ठेवलं, मिक्सरची पिन काढून तिथे स्वतःची खुपसली आणि बटण दाबलं. आरओचं पाणी जसंच्या तसं राहिलं. नळाचं आधी हिरवट झालं, मग पिवळट, आणि बघता बघता चहाचा चोथा ढवळावा तसं तपकिरी. वर फेस.

"मॅडम, हे तुम्ही रोज पिताय. हेवी मेटल आहे सगळं. हेच जाऊन हार्टमध्ये बसतं."

काकांना गेल्याच महिन्यात धाप लागते म्हणून ॲडमिट केलं होतं. फाइलमधला 'एनटी-प्रोबीएनपी' नावाचा, हृदयावरचा ताण दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा काकूंना तोंडपाठ झालेला. हार्ट हा शब्द ऐकताच त्यांचा हात मोबाइलकडे गेला आणि दुसऱ्या हाताने त्यांनी माझं दार वाजवलं. "सर, जरा या हो. हे म्हणतात ते खरं का?"

मी तीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. अशा वेळी मला फार चेव येतो. मी काकूंकडे चिमूटभर मीठ मागितलं, ते आरओच्या ग्लासात टाकलं आणि त्या पोराला म्हटलं, "आता दाबा बटण." त्याने आधी आढेवेढे घेतले, मग दाबलं. त्या 'शुद्ध' पाण्याचाही चोथा झाला.

यात जादू काही नाही. सळ्यांपैकी दोन लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा गंजासारखा साका होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळी शाबूत राहते. दिसते ती घाण सळीची असते, पाण्याची नाही. सोबतच्या टीडीएस मीटरचंही तेच. तो एकूण क्षार मोजतो, तोही लीटरमागे एक-एक मिलिग्रॅमच्या पायरीने. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची भारतीय मानकातली मर्यादा आहे लीटरमागे ०.००१ मिलिग्रॅम. म्हणजे पारा दसपट वाढला तरी त्या मीटरचा काटा हलायचा नाही. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा, विहार अशा तलावांचं पाणी येतं. ते मुळात कमी क्षारांचं. टीडीएस ५००च्या आत असेल तिथे आरओ लावू नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच म्हटलं आहे. आपल्याकडे खरी भीती फुटक्या जलवाहिनीत गटाराचं पाणी शिरण्याची, आणि त्यावर पाणी उकळणं हा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता.

ते पोरगं गेलं. माझ्या डोक्यात मात्र त्याचं वाक्य घोळत राहिलं. विषारी धातू आणि हृदय ही जोडी त्याने थापेबाजी करताना सहज जुळवली होती. पण काकांच्या रिपोर्टामागचा हृदयाचा हार्मोन आणि पाण्यातून पारा काढणारी उत्तम गाळणी, या दोन्हींच्या मुळाशी खरोखरच एकच मूलद्रव्य आहे. गंधक. आणि गंधक हा माझा जुना जिव्हाळ्याचा विषय.

आधी हृदयाचं बघू. हृदय म्हणजे पंप, असं आपण शाळेत शिकतो. ते ग्रंथीचंही काम करतं, हे कळायला १९८१ साल उजाडावं लागलं. त्याआधीचे सुगावे होते. १९५६ साली ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली गिनिपिगच्या अलिंदांत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, गडद कण दिसले. हार्मोन साठवणाऱ्या ग्रंथींमध्ये दिसतात तसेच. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवून ते ताणलं, तर कुत्र्याची लघवी वाढली. दोन्ही निरीक्षणं पाव शतक वेगवेगळ्या कपाटांत पडून होती. मग कॅनडातल्या किंग्स्टन शहरात अदोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवीतून जाणारं सोडियम ३० पटींहून जास्त वाढलं, लघवी १० पट. खालच्या कप्प्यांचा, म्हणजे निलयांचा अर्क टोचला तर असं काही झालं नाही.

त्या अर्कातला पदार्थ म्हणजे एएनपी. रक्त वाढलं, अलिंद ताणलं गेलं, की हृदय हा निरोप किडनीला धाडतं: मीठ सोड, पाणी सोड, माझ्यावरचा भार कमी कर. त्याचा भाऊ बीएनपी १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून त्याच्या नावातला 'बी' ब्रेनचा. नंतर कळलं की तो मुख्यतः निलयांत बनतो. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. काकांच्या रिपोर्टात जे मोजलं ते तर बीएनपीही नव्हे. हृदय १०८ दुव्यांची साखळी बनवतं, ती कापली की ३२ दुव्यांचं कामाचं बीएनपी निघतं आणि ७६ दुव्यांचं टरफल उरतं. टरफल रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून तपासणी त्याची. शेंग कोणी खाल्ली हे टरफलांवरून ओळखावं तसं.

आता मला जे सांगायचं आहे ते. एएनपी ही २८ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यातलं ७वं आणि २३वं ही दोन्ही सिस्टीन. सिस्टीनच्या टोकाला गंधकाचा एक अणू असतो आणि त्याला एक हायड्रोजन लटकलेला असतो. साखळी तयार होताना हे दोन्ही हायड्रोजन गळून पडतात आणि दोन गंधक एकमेकांचा हात धरतात. त्यामुळे साखळीच्या मधोमध १७ दुव्यांचं एक कडं तयार होतं. मंगळसूत्राच्या वाट्या जोडणारं कडं निसटलं तर काय होईल? एकही मणी हरवला नाही तरी ते मंगळसूत्र राहत नाही. प्रयोगशाळेत डीटीटी नावाचं रसायन घालून गंधकांचे हात सोडवले की नेमकं हेच होतं. २८च्या २८ अमिनो आम्लं जागच्या जागी, पण किडनी त्या निरोपाकडे ढुंकून बघत नाही. किडनीच्या पेशीवरची खोबण त्या कड्याचा आकार ओळखते.

हे दुर्मीळ वाटत असेल तर कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये डोकावा. केसांच्या केराटिनमध्ये असे गंधकाचे हात ठिकठिकाणी गुंफलेले असतात. केस कुरळे करताना आधी जे उग्र वासाचं पाणी लावतात ते थायोग्लायकोलेट. ते हात सोडवतं. मग रोलर लावून केसांना हवा तो आकार द्यायचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने हात पुन्हा जुळवायचे. हृदय हेच काम करतं, फक्त बिल देत नाही.

ही झाली हातात हात घातलेल्या गंधकांची गोष्ट. धातू पकडायला लागतो तो रिकाम्या हाताचा गंधक, म्हणजे हायड्रोजन अजून लटकलेला. रसायनशास्त्रात या जोडीला थायॉल म्हणतात. जुनं नाव मरकॅप्टन. ते १८३०च्या दशकात झाइसे या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ठेवलं, लॅटिनमधल्या 'पारा पकडणारा' या अर्थाच्या शब्दांवरून. तुम्हाला त्याची ओळख रोजची आहे. सिलेंडर गळला की येतो तो वास एलपीजीचा नसतो, कारण एलपीजीला जवळजवळ वासच नाही. गळती कळावी म्हणून मिसळलेल्या मरकॅप्टनचा तो वास. आणि बाळाचा चांदीचा चमचा उकडलेल्या अंड्याला लावला की काळा पडतो, तेही गंधकाचंच काम.

गंधकाला चांदी, पारा, कॅडमियम, शिसं यांचीच ओढ का? सोडियम-कॅल्शियमची का नाही? १९६३ साली राल्फ पिअर्सन यांनी याचा सुंदर हिशेब मांडला. काही अणू 'कठीण' असतात: लहान, विद्युतभार घट्ट, इलेक्ट्रॉन मुठीत आवळून धरलेले. काही 'मऊ': मोठे, बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल, कोणी जवळ आलं की त्यांचा ढग सहज त्या बाजूला झुकतो. कठीण कठीणाशी जमतं, मऊ मऊशी. ऑक्सिजन कठीण, कॅल्शियम कठीण, त्यांचं बंधन मुख्यतः धन-ऋण आकर्षणाचं. गंधक मऊ, पारा तर मऊपणाचा अर्क. त्यांचे ढग एकमेकांत शिरतात आणि इलेक्ट्रॉनांची खरीखुरी भागीदारी होते. पाऱ्याचा आयन दोन गंधकांच्या मध्ये सरळ रेषेत बसतो. शिसं मधल्या हद्दीवरचं, दोन्हीकडे राबता ठेवणारं. इथे माझे विद्यार्थी हमखास खिडकीबाहेर बघायला लागायचे, म्हणून आवरतो.

हा पक्षपात पाण्याच्या बाबतीत मोलाचा ठरतो. समजा लीटरभर पाण्यात १० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे आणि पारा बरोबर मर्यादेवर. अणू मोजले तर पाऱ्याच्या एका अणूमागे कॅल्शियमचे सुमारे ५० हजार निघतात. वानखेडे दीड वेळा गच्च भरेल एवढ्या गर्दीतून एक माणूस हुडकायचा. साधं पाणी मृदू करणारं रेझिन भेटेल त्या कॅल्शियमला जागा देत बसतं आणि लवकरच हाउसफुल्ल होतं. गंधकवाली गाळणी कॅल्शियमला ओळख दाखवत नाही. १९९७ साली अमेरिकेत एका प्रयोगशाळेने सच्छिद्र सिलिकाच्या आतल्या भिंतींवर थायॉलची गच्च लव लावली. असल्या भुकटीच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर, म्हणजे आमच्या सोसायटीच्या गच्चीपेक्षा मोठा. त्यात पारा शिरला की बाहेर येण्याचं नाव घेत नाही.

मग ही गाळणी घरोघरी का नाही? महाग आहे हे एक कारण. दुसरं कारण मला फार आवडतं. हवा लागली की शेजारशेजारच्या गंधकांचे हायड्रोजन गळतात आणि ते एकमेकांचाच हात धरतात. हात गुंतले, आता पारा कोण पकडणार? ज्या जुळणीने हृदयाचा हार्मोन कामाला लागतो, त्याच जुळणीने गाळणी निकामी होते.

शरीराला हा पेच कधीच सुटलेला आहे. १९५७ साली घोड्याच्या किडनीत कॅडमियम बाळगणारं एक प्रथिन सापडलं, त्याचं नाव मेटॅलोथायोनिन. साठ-एक अमिनो आम्लांत २० सिस्टीन, आणि धातू धरलेला असताना त्यांतल्या एकाही जोडीने आपसात हात धरलेला नसतो. ते वीस जण मिळून जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात अणू सांभाळतात. तुमच्या-माझ्या यकृतातही हे प्रथिन आहे, पगार न घेता. त्याची कुवत संपली की मात्र धातू इतर प्रथिनांच्या रिकाम्या गंधकांवर जाऊन बसतो आणि एन्झाइमं ठप्प होतात. विषबाधा म्हणतात ती मोठ्या प्रमाणात ही. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा शोधला, त्याच्या रेणूत शेजारी शेजारी दोन थायॉल होते. विषाने एन्झाइमचा हात सोडून औषधाचा धरावा, एवढाच बेत.

यावरून दोन इशारे दिल्याशिवाय राहवत नाही. एक, पारा आणि गंधक खलून आपल्याकडे आयुर्वेदात कज्जली नावाची काळी भुकटी करतात आणि 'शोधलेला पारा बाधत नाही' म्हणतात. कॉलेजात थर्मामीटर फुटला की मीही पाऱ्यावर गंधकाची पूड टाकायचो, आणि काळा थर धरायचाही. पण तो थर चमच्याने चाटावा असं मला कधी वाटलं नाही. दोन, 'बायपासशिवाय ब्लॉकेज साफ' म्हणून सलाइनमधून दिली जाणारी चिलेशन थेरपी. तिथलं ईडीटीए धातू पकडतं हे खरं. शिसं आणि कॅडमियम हृदयाला घातक असतात हेही खरं. २०१३ सालच्या अमेरिकेतल्या एका चाचणीत थोडा फायदा दिसला होता. म्हणून मधुमेह असलेल्या आणि हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या सुमारे हजार रुग्णांवर पुन्हा चाचणी केली, तिचा निकाल २०२४ साली आला. रक्तातलं शिसं निम्म्याहून जास्त उतरलं, हृदयाचे झटके आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. काकूंना मी एवढंच सांगितलं की काकांच्या गोळ्या वेळेवर द्या आणि पापड-लोणचं बंद करा. त्यांचं हृदय मीठ बाहेर काढायला ओरडून सांगतंय, वरून आपण आणखी घालायचं कशाला.

तो तपकिरी ग्लास ओट्यावरच राहिला होता. संध्याकाळी पाहिला तर साका तळाशी बसलेला आणि वरचं पाणी निवळलेलं. मी काकूंना म्हटलं, "हा गंज टाकाऊ नाही बरं. पश्चिम बंगालमध्ये विहिरींच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायला अशाच लोहाच्या संयुगांच्या गाळण्या वापरतात. आयआयटी मद्रासच्या प्राध्यापक प्रदीप यांची गाळणी त्याच तत्त्वावर चालते. त्या पोराचं यंत्र बंगालमधल्या पाण्यात बुडवलं तर खरंच विष काढेल."

काकूंनी ग्लास उचलून उजेडात धरला. "म्हणजे वरचं गाळून प्यायचं का हो?"

"नको," मी म्हटलं. "बाकीच्या दोन सळ्या ॲल्युमिनियमच्या असतात."

त्यांनी तो बेसिनमध्ये ओतला आणि ग्लास दोनदा घासला.