‘अनकॅरॅक्टराइज्ड’ डिस्चार्ज बदलून घ्यायचाय? आधी चौथी प्रत मागवा

अमेरिकन सैन्यात भरती झालेला मुलगा किंवा मुलगी बूट कॅम्पमधूनच, म्हणजे सुरुवातीच्या ट्रेनिंगमधूनच, घरी परत आली, की आईवडिलांच्या फोनचं पहिलं वाक्य साधारण ठरलेलं असतं : “खराब डिस्चार्ज दिलाय हो, तो चांगला करून घ्यायचाय.” मी आधी विचारतो, कागद समोर आहे का? असतो, पण बहुतेकदा चुकीची प्रत असते.

सैन्यातून सुटका, म्हणजेच डिस्चार्ज, झाल्यावर मिळणाऱ्या दाखल्याला डीडी २१४ म्हणतात. त्याच्या अनेक प्रती निघतात. पहिली म्हणजे ‘शॉर्ट’ प्रत, तिच्यात २३ ते ३० हे रकाने नसतातच. सगळी गोम त्याच रकान्यांत असते, आणि ते ‘मेंबर ४’ लिहिलेल्या चौथ्या प्रतीत सापडतात. ती हरवली असेल तर सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून मागवता येते. ऑनलाइन मागा किंवा एसएफ १८० हा फॉर्म भरून पाठवा. त्याच अर्जात पूर्ण सर्व्हिस फाइल आणि वैद्यकीय फाइलही मागून घ्या. फाइल हाती येण्याआधी अर्ज लिहायला बसू नका. आपल्याविरुद्ध काय लिहिलंय हे माहीत नसताना बाजू मांडणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं.

चार रकाने

चौथ्या प्रतीत चार जागा बघा. २४ व्या रकान्यात सेवेचा दर्जा असतो, तिथे ‘अनकॅरॅक्टराइज्ड’ लिहिलेलं असेल. २६ मध्ये सुटकेच्या कारणाचा तीन अक्षरी कोड. २७ मध्ये आरई कोड, म्हणजे पुन्हा भरती होता येईल की नाही. आणि २८ मध्ये कारण शब्दांत.

आता ‘अनकॅरॅक्टराइज्ड’बद्दल. सेवेच्या सुरुवातीच्या काळात, बरीच वर्षं ही मर्यादा पहिल्या सलग १८० दिवसांची होती, एखाद्याला घरी पाठवलं तर त्याला ‘एन्ट्री लेव्हल सेपरेशन’ म्हणतात आणि दर्जाच्या जागी हा शब्द पडतो. (तुम्हाला लागू होतो तो तुमच्या सुटकेच्या तारखेला असलेला नियम, आजचा नव्हे.) सहामाहीच्या आधीच शाळा बदललेल्या पोराच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याची जागा कोरी राहते, तसंच हे. असे अर्ज तपासणारी सैन्याची बोर्डंही आपल्या निर्णयांत हेच सांगतात : हा शेरा चांगलाही नाही, वाईटही नाही, माणसाला जोखण्याइतका काळच मिळाला नाही.

म्हणून “माझा डिस्चार्ज ऑनरेबल (सन्मानपूर्वक) करा” एवढंच मागणारे अर्ज मोठ्या संख्येने परत येतात. सुरुवातीच्या काळातल्या सुटकेला ऑनरेबल दर्जा द्यायचा तर वागणुकीत किंवा कामगिरीत काहीतरी असाधारण असावं लागतं, आणि त्या दलाच्या सेक्रेटरीच्या, म्हणजे मुलकी प्रमुखाच्या, पातळीवर प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून मंजुरी द्यावी लागते. “मी मन लावून ट्रेनिंग केलं” हे असाधारण ठरत नाही.

सहा महिन्यांनी शेरा आपोआप सुधारतो, अशी एक समजूत वर्षानुवर्षं फिरतेय. ती खोटी आहे. आपोआप काहीच होत नाही.

तुम्हाला नेमकं काय अडतंय?

नोकरीच्या अर्जापुरती शॉर्ट प्रत बहुतेक वेळा चालते. तिच्यात कारण छापलेलंच नसतं.

पुन्हा भरती व्हायचं असेल तर अडचण २७ व्या रकान्यात आहे, २४ मध्ये नाही. आर्मीत आरई ३ असेल तर बोर्डाकडे जायची गरजच नसू शकते. भरती करणाऱ्या रिक्रूटरमार्फत वेव्हर, म्हणजे नियमातून सूट, मागता येतो. आरई ४ असेल तर गोष्ट कठीण. एअर फोर्सचे कोड निराळे, तिथे अशा सुटकेला अनेकदा ‘२सी’ लागतो. म्हणून दुसऱ्या दलातल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

ट्रेनिंगमध्ये गुडघा किंवा पाठ कायमची गेली असेल, तर शेरा बदलायची वाट बघत बसू नका. माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, एन्ट्री लेव्हल सेपरेशनला ‘डिसऑनरेबल नसलेली’ सुटका मानतं. ते त्यांच्या नियमांतच लिहिलंय. सेवेत झालेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या दुखण्याच्या भरपाईचा दावा आजच करता येतो, आणि एरवी व्हीएच्या लाभांना लागणारी चोवीस महिन्यांच्या किमान सेवेची अट त्या दाव्याच्या आड येत नाही. “अनकॅरॅक्टराइज्ड आहे, व्हीए दारात उभं करणार नाही” असं समजून वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

चौथी गोष्ट नागरिकत्वाची. भारतीय घरांना ती जास्त लागू होते आणि तिथे मात्र २४ वा रकाना खरोखर चावतो. सैन्यसेवेच्या जोरावर नागरिकत्व घ्यायचं तर सेवा सन्मानपूर्वक झालेली लागते, सुटकाही तशीच लागते. ‘अनकॅरॅक्टराइज्ड’वर तिथे अडचण येते. ग्रीन कार्ड नसलेल्या, व्हिसावरच्या लोकांना भाषेच्या किंवा वैद्यकीय कौशल्यावर भरती करणारी ‘मावनी’ योजना आठवत असेल. ती २००९ मध्ये प्रत्यक्षात आली आणि २०१६ मध्ये नव्या भरतीसाठी बंद झाली. हिंदी, पंजाबी जाणणारे भारतीय विद्यार्थी तिच्यातून भरती झाले. पार्श्वभूमी तपासणी लांबत गेली आणि कित्येकांना बूट कॅम्पचं तोंड बघण्याआधीच हाच शेरा मिळाला. तुमचं प्रकरण या जातीचं असेल, तर बोर्डाचा अर्ज भरण्याआधी सैन्य आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणारा वकील गाठा. तिथे घरगुती सल्ल्यावर जाऊ नये, माझ्याही नाही.

अर्ज कुठे आणि किती मुदतीत

दारं दोन आहेत. पहिलं डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड, फॉर्म डीडी २९३, मुदत सुटकेपासून १५ वर्षं. दुसरं रेकॉर्ड दुरुस्तीचं बोर्ड, फॉर्म डीडी १४९, मुदत चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षं. मात्र न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर हे दुसरं बोर्ड उशीर माफ करू शकतं, आणि करतंही. उशीर का झाला ते अर्जात मोकळेपणाने लिहा. १५ वर्षं उलटली नसतील आणि मागणी पहिल्या बोर्डाच्या अधिकारातली असेल, तर साधारणपणे आधी तिकडेच जावं लागतं.

अधिकारांतला फरक महत्त्वाचा. पहिलं बोर्ड दर्जा आणि कारण बदलू शकतं, परत नोकरीत घेऊ शकत नाही. वैद्यकीय निवृत्ती हवी असेल तर दुसरंच दार. नेव्हीचं रिव्ह्यू बोर्ड आरई कोडला हात लावत नाही, तेव्हा फक्त कोडच अडत असेल तर नेव्ही किंवा मरीनच्या माणसाने डीडी १४९ भरावा. मरीनची प्रकरणं नेव्हीच्याच बोर्डांकडे आणि स्पेस फोर्सची एअर फोर्सच्या बोर्डांकडे जातात. कोस्ट गार्ड होमलँड सिक्युरिटीखाली असल्याने त्याची व्यवस्था स्वतंत्र.

दोन्ही अर्जांना फी नाही. आपण अर्ज केल्यामुळे रिव्ह्यू बोर्ड आहे त्याहून वाईट शेरा देऊ शकत नाही, त्यामुळे ती भीती सोडा. अर्जदार हयात नसेल किंवा अर्ज करण्याच्या अवस्थेत नसेल, तर जवळचा वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतो. नात्याचा पुरावा, आणि निधन झालं असेल तर मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.

मागायचं काय आणि का

बोर्ड दोन कसोट्या लावतं. सुटका नियमाला धरून झाली का, आणि ती न्याय्य होती का. सुरुवात तुमच्या विरुद्ध बाजूने होते. सरकारी काम नीटच झालं असेल असं गृहीत धरतात आणि ते खोडायचा भार तुमच्यावर असतो. “माझ्यावर अन्याय झाला” हे वाक्य दहादा लिहून तो भार हलत नाही.

मी एक साधी रीत सांगतो. दर्जा बदलणं अवघड असलं तरी कारण बदलणं पुष्कळदा त्याहून सोपं जातं. २८ व्या रकान्यात ‘फ्रॉड्युलंट एन्ट्री’ (माहिती दडवून भरती) किंवा ‘पर्सनॅलिटी डिसॉर्डर’ (व्यक्तिमत्त्वाचा विकार) असे डाग लागणारे शब्द असतील, तर त्याऐवजी ‘सेक्रेटेरियल ऑथॉरिटी’ हे निरुपद्रवी कारण आणि त्याला जुळणारा कोड मागावा. ऑनरेबल दर्जाही मागा, पण त्याखाली “तो शक्य नसल्यास किमान कारण व कोड बदलावेत” अशी दुसरी मागणी स्वच्छ लिहा. लोक पहिली लिहितात, दुसरी विसरतात.

समजा, ग्रेट लेक्सच्या नेव्ही ट्रेनिंगमध्ये सहाव्या आठवड्यात एकाला धाप लागली. तपासणीत त्याच्या तोंडून निघालं की लहानपणी पुण्यात इनहेलर घेत होतो. भरतीच्या फॉर्मवर ते लिहिलेलं नव्हतं, शेरा पडला फ्रॉड्युलंट एन्ट्री. आता वैद्यकीय नियमात तेरावा वाढदिवस ही रेघ आहे, त्यानंतरचा दमा अपात्र ठरवतो. मुलगा आठ वर्षांचा असताना दोन पावसाळ्यांत इनहेलर घेतला, पुढे कधीच नाही, हे डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीवरून दिसत असेल तर सगळं चित्र फिरतं. ती पिवळी पडलेली, घडीवर फाटत आलेली चिठ्ठी आईच्या कपाटातल्या फाइलमध्ये असते. तिच्यावर तारीख, वय आणि औषधाचं नाव वाचता येत असेल, तर पाच पानी विनंतीपत्रापेक्षा तिचं वजन जास्त. स्पष्ट स्कॅन काढा. त्यावर मराठी मजकूर असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा आणि भाषांतर बरोबर असल्याचं भाषांतरकाराच्या सहीनिशी लिहून घ्या. त्या डॉक्टरांचं आजच्या तारखेचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

मानसिक आघात, डोक्याला झालेली इजा किंवा लैंगिक अत्याचार यामुळे ट्रेनिंग मोडलं असेल, तर तुमच्या बाजूला खास नियम आहेत. २०१४ पासून संरक्षण खात्याने अशा अर्जांकडे उदारपणे बघण्याच्या सूचना टप्प्याटप्प्याने काढल्या. त्यातली २०१७ ची सूचना चार प्रश्न विचारते. असा आजार किंवा अनुभव होता का? तो सेवेच्या काळातला का? त्यामुळे त्या वागण्याचं स्पष्टीकरण मिळतं का? आणि ते वागण्यापेक्षा वजनदार आहे का? तुमचं निवेदन याच चार प्रश्नांच्या क्रमाने लिहा. डीडी २९३ मध्ये यासाठी वेगळे चौकोन आहेत, त्यांवर खूण करायला विसरू नका. अत्याचाराची तक्रार त्या वेळी केली नसेल तरी वाट बंद होत नाही. त्याच काळात आईला किंवा मैत्रिणीला पाठवलेले मेसेज, समुपदेशकाच्या नोंदी, वागणं अचानक बदलल्याचं सांगणारी बरोबरच्या रिक्रूटची पत्रं, हे सगळं चालतं.

कागद

डीडी २१४ ची चौथी प्रत, सर्व्हिस फाइलमधली सुटकेची कागदपत्रं, भरतीच्या वेळची आणि नंतरची वैद्यकीय तपासणी, तुमचं स्वतःचं निवेदन, साक्षीदारांची सही-तारखेची पत्रं, आणि सुटकेनंतर काय केलंत त्याचे पुरावे : पदवी, नोकरी, स्वयंसेवा. मूळ कागद पाठवू नका, प्रती पाठवा. आपल्याकडची सवय म्हणून कुणी स्टॅम्प पेपर शोधत असतं, त्याची गरज नाही. खोटं लिहिल्यास शिक्षेची जाणीव आहे, असं लिहून केलेली सही पुरते.

निवेदन दोन-तीन पानांत संपवा. प्रत्येक वाक्यामागे कुठला कागद आहे त्याचा क्रमांक घाला. ड्रिल सार्जंटचा राग त्यात काढू नका.

वाचण्यासारखी एक जागा म्हणजे संरक्षण खात्याचं बोर्डांच्या निर्णयांचं ऑनलाइन वाचनालय. नावं खोडलेले जुने निर्णय तिथे फुकट मिळतात. तुमच्या २६ व्या रकान्यातला कोड टाकून शोधा, आणि मंजूर झालेल्यांनी काय जोडलं होतं ते बघा. संध्याकाळ जाते, पण कारणी लागते.

मदत फुकट मिळू शकते. अमेरिकन लीजन, डीएव्ही यांसारख्या माजी सैनिकांच्या संस्था आणि कायद्याच्या कॉलेजांची वेटरन्स क्लिनिक्स, म्हणजे माजी सैनिकांसाठीची कायदेशीर मदत केंद्रं, ही कामं करतात. पैसे घेऊन ‘हमखास अपग्रेड’ सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

पाठवल्यानंतर

रिव्ह्यू बोर्डात किमान तीन जणांचं पॅनेल बसतं. नुसत्या कागदांवर निर्णय मागता येतो किंवा सुनावणी, जी आता व्हिडिओवरही होते. कागदांवर नकार आला तर १५ वर्षांच्या आत सुनावणी मागायची संधी उरते, म्हणून बरेच जाणकार आधी कागदांवर अर्ज करून बोर्डाच्या शंका काय आहेत ते बघून घेतात. सुनावणीला उभं राहायची वेळ आली तर घरच्यांसमोर मोठ्याने दोनदा सराव करा.

दुरुस्तीच्या बोर्डाला कायद्याने बहुतेक अर्ज दहा महिन्यांत आणि सगळे अठरा महिन्यांत निकाली काढायचे असतात. वर्षभराची तयारी ठेवा. नकार आला तर पत्रातली कारणं वाचा. नवा पुरावा मिळाल्यास फेरविचार मागता येतो, जुनेच कागद पुन्हा पाठवून नाही.

मंजूर झालं तर नवा डीडी २१४ किंवा दुरुस्तीचा डीडी २१५ टपालाने येतो. मधल्या काळात भाड्याचं घर बदललंत तर बोर्डाला पत्ता कळवा.