बारीक वायर आणि मऊ वायर

माझ्या टेबलावरचा छोटा ॲम्प्लिफायर कितीही सरळ ठेवला तरी पाच मिनिटांत तिरका व्हायचा. वजन जेमतेम अर्धा किलो आणि मागे बोटाएवढी जाड, ताठ पॉवर कॉर्ड. वायर जिकडे वळेल तिकडे तोही वळायचा. अशा वेळी आपण बारीक वायर शोधायला लागतो. खरं तर हवी असते मऊ वायर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत कधीकधी महागात पडते.

वायर बारीक होते ती आतलं तांबं कमी केल्याने, नाहीतर वरचं आवरण पातळ केल्याने. तांब्याचं माप वायरवरच छापलेलं असतं. ३ × ०.७५ म्हणजे तीन कोअर (वेगळं आवरण असलेले बारीक तारांचे जुडगे), प्रत्येकी पाऊण चौरस मिलिमीटर. ०.५ ची वायर बारीक असते खरी, पण तिचा उपयोग साधारण ३ अँपिअरपर्यंतच. मॉनिटरच्या मागे बसतो तो तीन पिनांचा सी१३ कनेक्टर मात्र १० अँपिअरचा. त्याला २ मीटर लांबीपर्यंत ०.७५ ची वायर चालते, पुढे १ ची लागते. इथे तांब्यात काटकसर केली तर आज मॉनिटरवर काहीच जाणवणार नाही. उद्या कुणीतरी तीच कॉर्ड काढून लेझर प्रिंटरला लावेल आणि वायर तापेल. कनेक्टर दोन्हीकडे चपखल बसतो, तीच तर गोम आहे.

म्हणून तांबं तेवढंच ठेवून आवरण पातळ असलेली वायर बघावी. युरोपीय पद्धतीच्या खुणांमध्ये नेहमीची कॉर्ड एच०५व्हीव्ही-एफ असते, हलकी एच०३व्हीव्ही-एफ. ०.७५ मध्ये पहिलीच्या प्रत्येक कोअरवर ०.६ मिलिमीटर पीव्हीसी आणि बाहेरून ०.८ चं वेष्टन. दुसरीत हेच आकडे ०.५ आणि ०.६. पहिली ३००/५०० व्होल्टची (आधीचा आकडा कोअर आणि जमिनीमधल्या दाबाचा, नंतरचा दोन कोअरमधल्या), दुसरी ३००/३०० ची, त्यामुळे घरातल्या हलक्या उपकरणांना दुसरी पुरते. अंगणात किंवा वर्कशॉपमध्ये ती नेऊ नये.

आता मऊपणा. तारेची जाडी निम्मी केली की ताठपणा सोळाव्या हिश्श्यावर येतो. तेवढंच तांबं भरायला चार तारा लागतात, तरी एकूण ताठपणा चौथा हिस्साच उरतो. म्हणून ०.७५ च्या नेहमीच्या कॉर्डमध्ये प्रत्येक कोअरला ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा असतात. याहून बारीक तारांची अतिलवचिक वायरही मिळते, तिच्या खुणेच्या शेवटी एफऐवजी एच असतो.

पण माझ्या मते तांब्यापेक्षा पीव्हीसीच जास्त त्रास देतं. थंडीत ते कडक होतं, आणि घडी घालून ठेवलेली वायर तीच वळणं धरून बसते. रबर बरंच मऊ, सिलिकॉन तर सुतळीसारखं लोळतं; फक्त ते धारदार कडेवर पटकन चिरतं. कापडी विणीच्या दिखाऊ कॉर्डला भुलू नका. आत बहुधा तेच पीव्हीसी असतं. टेबलाच्या कडेवरून वीतभर वायर बाहेर सोडून बघा: मऊ असेल तर खाली लोंबेल, ताठ असेल तर बारीक असूनही आडवीच राहील.

रेडिओला लागणारी, इंग्रजी आठच्या आकाराच्या टोकाची दोन पिनांची कॉर्ड बारीकही असते आणि मऊही. पण तिच्यात अर्थिंगची तार नसते. ज्या उपकरणाला तीन पिनांचं सॉकेट आहे तिथे ॲडाप्टर लावून ही कॉर्ड जोडणं म्हणजे अर्थिंग तोडणं.

ॲम्प्लिफायरला शेवटी एच०३ ची एक मीटरची कॉर्ड लावली. आता तो जागचा हलत नाही. थंडीत पहाटे मात्र किंचित तिरका दिसतो.